सायकल कीं मोपेड ?

(नभोवाणीवरील भाषण)

हल्लीं कॅलिफोर्नियांतील एखाद्या शाळेच्या दारांत सकाळच्या वेळीं उभें राहिलें, म्हणजे एक विलक्षण वाहन दृष्टीस पडतें. चाकें लहान, पण टायर चांगले चार इंच रुंद. बसावयाची गादी लांबलचक आणि सपाट. पुढें मोठा वाटोळा दिवा. आणि जेथें पेट्रोलची टांकी असावयाची तेथें तशाच घाटाची एक पेटी. पाहाणारास प्रथम वाटावें कीं, १९७० च्या सुमाराची एखादी मोपेडच पुनर्जन्म घेऊन आली आहे. परंतु आवाज नाहीं, धूर नाहीं, मागें नंबराची पाटी नाहीं. आणि स्वाराचे पाय पाहावे तर ते दोन पायडलांवर स्वस्थ टेकलेले. तीं पायडलें फिरत नसतात. मुलगा उजवी मूठ पिळतो आणि गाडी चालूं लागते.

जाड टायरांची, जुन्या मोपेडच्या वळणाची विजेची सायकल ती हीच. ती विकत कशी घ्यावी हा आजच्या भाषणाचा विषय. परंतु त्याच्या आधीं दुसराच एक प्रश्न उभा राहातो, आणि तो सोडविल्यावांचून पहिल्याचें उत्तर देतां येत नाहीं. घ्यावयाची वस्तु सायकल आहे कीं मोपेड ? दुकानदार तिला सायकल म्हणतो. मुलगा घरीं सायकल म्हणतो आणि मित्रांत मोटार-सायकल म्हणतो. कायदा तिला काय म्हणतो, हें मात्र पुष्कळ घरांत अपघात झाल्यावरच कळतें.

या वाहनाचें कूळ दुहेरी आहे. फ्रान्समध्यें १९४६ सालीं व्हेलोसोलेक्स निघाली. सायकलच्या पुढच्या चाकावर एक लहानसें इंजिन बसविलेलें. पुढें १९५२ सालीं एका स्वीडिश पत्रकारानें 'मोटार' आणि 'पेडल' या दोन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून 'मोपेड' हें नांव बनविलें. महाराष्ट्रांतील वडीलधाऱ्या मंडळींना मोपेड म्हटलें कीं १९७२ सालीं निघालेली पुण्याच्या कायनेटिकची लूना आठवते. तिला पायडलें होतीं, आणि त्यांना कामही होतें. इंजिन सुरू करावयाचें तें त्यांनींच, आणि वाटेंत पेट्रोल संपलें तर घर गांठावयाचें तेंही त्यांनींच. दुसरें कूळ जाड टायरांचें. अलास्कांतील बर्फावर व न्यू मेक्सिकोच्या वाळूंत चाक रुतूं नये म्हणून हौशी कारागिरांनीं रुंद टायर बसविले, आणि २००५ सालीं अमेरिकेंतील सर्ली कंपनीनें 'पग्स्ली' नांवाची तशी सायकल बाजारांत आणली. हीं दोन घराणीं दक्षिण कॅलिफोर्नियांत २०१६ च्या सुमारास 'सुपर ७३' सारख्या गाड्यांच्या रूपानें एकत्र आलीं. ज्या डांबरी रस्त्यांवर त्या धांवतात, तेथें बर्फही नाहीं आणि वाळूही नाहीं. पण शोभेला कारण लागत नाहीं.

आतां सॅन होजेसारख्या गांवीं राहाणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. आईवडील दोघेही नोकरीवर जातात. शाळा तीन मैलांवर. मुलगा पंधरा वर्षांचा. मुलाची मागणी महिनाभर चालू आहे.

"बाबा, सायकलच आहे ती. पायडलं आहेत ना तिला !"

"पायडलं शोभेचीं आहेत कीं चालवायचीं, तें आधीं पाहूं."

बापाचा हा प्रश्न वरकरणी थट्टेचा वाटतो, पण कॅलिफोर्नियाचा सारा कायदा त्याच्याच भोंवतीं फिरतो. १ जानेवारी २०१६ पासून अमलांत असलेल्या नियमांनीं तेथें विजेच्या सायकलींचे तीन वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गांतील सायकल स्वारानें पायडल मारलें तरच साहाय्य करते, आणि वेग ताशीं २० मैलांवर, म्हणजे सुमारें ३२ किलोमीटरांवर गेला कीं आपला हात काढून घेते. दुसऱ्या वर्गांतील सायकल नुसत्या मुठीनें चालते, मर्यादा तीच. तिसऱ्या वर्गांतील सायकल ताशीं २८ मैलांपर्यंत, म्हणजे ४५ किलोमीटरांपर्यंत साथ देते, परंतु पायडल मारावेंच लागतें; आणि तिच्यावर सोळा वर्षांखालील मुलास बसण्याची मनाई आहे. तिन्हींना चालतीं पायडलें असलीं पाहिजेत, व मोटार ७५० वॅटांहून अधिक शक्तीची असतां कामा नये. या चौकटींत बसणाऱ्या गाडीस परवाना नको, नोंदणी नको. चौकटीबाहेर पाऊल पडलें कीं तीच गाडी मोपेड किंवा मोटार-सायकल ठरते, आणि मग परवाना, नंबराची पाटी हें सगळें ओघानेंच आलें.

मेख अशी कीं, या गाड्यांपैकीं कित्येक दुकानांतून बाहेर पडतांना दुसऱ्या वर्गांतल्या असतात, आणि घरीं पोंचल्यावर फोनवरील एक कळ दाबली कीं त्यांचा वर्गच उरत नाहीं. 'केवळ खासगी जागेंत वापरण्यासाठीं' असें त्या सोयीचें नांव असतें. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ही कळ सांपडावयास एक संध्याकाळ पुरते. कायद्यानेंही हें ओळखलें आहे. १ जानेवारी २०२५ पासून तेथें असें स्पष्ट झालें आहे कीं, केवळ मोटारीच्या बळावर २० मैलांहून अधिक वेग घेणारी, किंवा तशी बदलतां यावी अशाच हेतूनें बनविलेली गाडी ही विजेची सायकल नव्हेच. मरीन परगण्याला तर २०२४ च्या एका कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलांना मुठीवर चालणाऱ्या दुसऱ्या वर्गाच्या सायकली बंद करण्याचा अधिकार मिळाला.

वेगाचें इतकें अवडंबर कशासाठीं, असें एखादा तरुण श्रोता म्हणेल. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत आघाताची शक्ति वाढते. ताशीं ३२ किलोमीटरांऐवजीं ४५ किलोमीटर वेग झाला, तर वेग दिडीहून थोडा कमीच वाढला; पण आघात जवळजवळ दुप्पट झाला. शिवाय गाडीचेंच वजन ३० ते ३५ किलो. साधी सायकल बारा-चौदा किलोंची असते, आणि तिचे ब्रेक व तिचा स्वार यांना त्या वजनाची संवय असते. म्हणून या गाडीला दोन्ही चाकांवर तेलाच्या दाबानें चालणारे डिस्क ब्रेक असावे. नुसत्या तारेचे ब्रेक स्वस्त पडतात आणि उतारावर महाग पडतात. लांब गादीवर मागें मित्राला बसविण्याचा मोह तर या गाडीच्या आकारांतच दडलेला आहे.

हॉलंडचा अनुभव येथें पाहाण्याजोगा आहे. सायकलींचा तो देश. तेथें या गाड्यांना फॅटबाइक म्हणतात. युरोपचा नियम कॅलिफोर्नियाहून कडक. मोटार २५० वॅटांची, साहाय्य ताशीं २५ किलोमीटरांपर्यंत, आणि पायडल थांबलें कीं मोटार थांबली पाहिजे. डच पोलिस रस्त्यांत रुळांचें एक यंत्र मांडतात, गाडीचें चाक त्यावर फिरवितात आणि खरा वेग मोजतात. २०२४ च्या सप्टेंबरांत तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहानें फॅटबाइकच्या स्वारांना हेल्मेट व किमान वय यांची अट घालावी असें मत दिलें. परंतु सरकारपुढें पेंच पडला कीं, फॅटबाइक म्हणजे नक्की काय ? टायरच्या रुंदीवरून व्याख्या करावी, तर कारखानदार टायर थोडा अरुंद करून मोकळा होईल. गाडीच्या रूपावर कायदा बसवितां येत नाहीं, ही अडचण ग्राहकाचीही आहे.

रूप सोडून आंत पाहावयाचें तर पहिली बॅटरी पाहावी, कारण गाडीची बरीचशी किंमत आणि गाडीचा सर्वांत मोठा धोका दोन्ही तिच्यांतच आहेत. सामान्यतः ती ४८ व्होल्टची व १५ अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला कीं ७२० वॅट-तास. जाड टायरांची जड गाडी नुसत्या मुठीवर चालविली, तर किलोमीटरला १५ वॅट-तास सहज खाते. म्हणजे एका भरण्यांत ४८ किलोमीटरांच्या आसपास. जाहिरातींत याहून पुष्कळ मोठा आंकडा दिसला, तर तो हलका स्वार, मंद वेग व फिरतीं पायडलें धरून काढलेला आहे असें समजावें.

धोक्याची गोष्ट निराळी. या लिथियम घटांत आंतल्या आंत विजेची गांठ पडली, तर उष्णता वाढत जाते, एका घटापासून दुसरा पेटतो, आणि ती आग हां हां म्हणतां खोली व्यापते. न्यूयॉर्क शहरांत २०२३ या एका वर्षीं अशा बॅटऱ्यांपासून २६८ आगी लागल्या व १८ माणसें दगावलीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तेथें नियम झाला कीं, मान्य प्रयोगशाळेच्या दाखल्यावांचून विजेची सायकल विकतां येणार नाहीं. सायकलच्या विद्युत्-यंत्रणेसाठीं 'यू. एल. २८४९' आणि बॅटरीसाठीं 'यू. एल. २२७१' हे ते दाखले. 'या मानकास अनुसरून बनविलेली' आणि 'या मानकाप्रमाणें प्रमाणित' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे; पहिलें कारखानदार स्वतःच लिहितो. चार्जरही मूळचाच हवा. ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो आणि ५२ व्होल्टच्या बॅटरीचा ५८.८, पुष्कळदां दोहोंची खुंटी एकाच छिद्रांत बसते, आणि शेजाऱ्याचा चार्जर उसना आणणाऱ्यास त्यांतला फरक डोळ्यांनीं दिसत नाहीं. गाडी चार्ज करावयाची ती जागेपणीं, आणि घराच्या दारांत किंवा जिन्याखालीं मुळींच नव्हे. कारण आग लागल्यास सुटकेची वाट तीच असते.

टायरांविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. हवेचा दाब कमी, सुमारें २० पौंड, त्यामुळें खड्डे मऊ लागतात. पंक्चर झालें तर मात्र मागचें चाक मोटारीसह, तारेसह सोडवावें लागतें, आणि पत्रव्यवहारानें मागविलेल्या गाडीस पुष्कळ दुकानदार हातच लावीत नाहींत. जवळचा दुरुस्तीवाला ती गाडी घेईल काय, हें आधीं विचारलेलें बरें.

कित्येक घरांत आणखी एक बेत शिजतो. मुलगा शिक्षण संपवून परत येईल तेव्हां गाडीही आणील, किंवा पुण्याच्या भाच्याला ती भेट म्हणून जाईल. हा बेत विमानतळावरच मोडतो. १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी उतारूंना विमानांत नेतां येत नाहीं, आणि ही तर ७२० ची. कशीबशी इकडे आलीच, तरी भारतीय नियमांत मोटार-वाहन न समजली जाण्याची मर्यादा २५० वॅटांच्या व ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत आहे. तिकडची सायकल इकडे उतरतांक्षणीं मोटार-वाहन होते. त्यापेक्षां कायनेटिकनेंच २०२४ सालीं विजेची लूना काढली आहे. ती राजरोसपणें नंबराची पाटी लावून फिरते आणि सायकल असल्याचा आव आणीत नाहीं.

सॅन होजेच्या त्या घरांतली मंडळी एका शनिवारीं दुकानांत जातात. कॅलिफोर्नियांत विजेच्या प्रत्येक सायकलीवर वर्ग, कमाल वेग आणि मोटारीचे वॅट लिहिलेली कायमची चिठ्ठी असावी लागते. बाप प्रथम ती शोधतो. मग तो दुकानदाराला वीज बंद करावयास सांगतो आणि मुलाला म्हणतो, "आतां अर्धा मैल पायडल मारून ये." गादी खालीं, गुडघे छातीशीं, गियर एकच, आणि तेहतीस किलोंचें ओझें. मुलगा पहिल्या चढावर उतरतो आणि गाडी ढकलीत परत येतो.

"बाबा, वीज असल्यावर कोण पायडल मारतं ?"

दुकानदार आंतून एक दुसरी सायकल आणतो. पहिल्या वर्गाची, बेताच्या टायरांची, उंच गादीची, आठ गियरांची. दिसावयास ती अगदींच साधी. मुलगा तिच्याकडे पाहात नाहीं. बाप मात्र खालीं वांकून तिच्या चिठ्ठीवरचे आंकडे वाचूं लागतो.