पहिल्या अंकांचं काय करायचं?



मी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली. ती सांभाळून चित्रकथा काढल्या, पदरच्या पैशाने छापल्या आणि ओळखीपाळखीत वाटल्या. चित्रकलेचा इतिहास सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण एका प्रश्नावर बोलावं असं फार दिवस मनात होतं आणि या व्याख्यानमालेने ती संधी दिली, म्हणून उभा आहे.

प्रश्न असा, की उमेदवारीच्या काळात स्वखर्चाने काढलेल्या अंकांचं पुढे काय करायचं? चित्रकथा काढणारा प्रत्येक जण कधी ना कधी या प्रश्नापाशी येतो. हात बसलेला असतो, नजर तयार झालेली असते आणि कपाट आवरताना जुना अंक हाती लागतो. तो फाडून टाकावा असं वाटतं. नाहीतर बसून सगळा पुन्हा काढावा, असं तरी वाटतं. माझं म्हणणं आहे की यातलं काहीही करू नये. अंक आहे तसा ठेवावा आणि दुसऱ्याच्या हाती लागेल अशा जागी ठेवावा.

ॲड्रियन टोमिने हे नाव आपल्यापैकी काहींना ‘न्यू यॉर्कर’च्या मुखपृष्ठांमुळे माहीत असेल. जन्म १९७४चा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोचा, घराणं मूळचं जपानी. १९९१ साली, शाळेत असतानाच, त्याने ‘ऑप्टिक नर्व्ह’ नावाची पुस्तिका काढायला सुरुवात केली. गोष्ट त्याचीच, चित्रं त्याचीच, छापणारा आणि विकणाराही तोच. असे सात अंक निघाले. मग १९९५मध्ये मॉन्ट्रियलच्या ‘ड्रॉन अँड क्वार्टर्ली’ या प्रकाशनसंस्थेने त्याचं काम छापायला घेतलं आणि त्या सात अंकांतल्या गोष्टी ‘३२ स्टोरीज’ या नावाने एकत्र आणल्या. नुकत्याच विशीत शिरलेल्या मुलाचं समग्र वाङ्मय पुस्तकरूपाने बाजारात आलं.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. २००९ साली त्या गोष्टी पुन्हा काढायची वेळ आली, तेव्हा टोमिनेने एकसंध पुस्तक बाजूला ठेवलं. सातही अंक जसेच्या तसे, सुटे छापून घेतले, सोबत प्रस्तावनेची एक वेगळी पुस्तिका दिली आणि सगळं एका पेटीत घातलं. तोवर त्याचं नाव झालेलं होतं. रेषा इतकी सफाईदार झाली होती, की त्या जुन्या चित्रांची त्याला अडचण वाटली असती तर कुणी दोष दिला नसता.

पुस्तकातल्या गोष्टी आपण सलग वाचतो. एकाच माणसाने एका बैठकीत सांगितल्यासारख्या त्या वाटतात. सुटे अंक हातात घेतले की मधली अंतरं दिसतात. पहिल्या अंकातला मुलगा हायमी हर्नांडेझ आणि डॅनियल क्लाउज या आपल्या आवडत्या चित्रकारांकडे पाहत पाहत काढतो आहे, आणि पुढच्या अंकांत हळूहळू त्याचं स्वतःचं काही सापडतं आहे. दोन अंकांमध्ये तो काहीतरी शिकला आहे, हे एक अंक मिटून पुढचा उचलताना कळतं. म्हणून १९९५च्या पुस्तकापेक्षा २००९ची पेटी मला जास्त प्रामाणिक वाटते.

त्याच वर्षी त्याच प्रकाशनसंस्थेने योशिहिरो तात्सुमी या जपानी चित्रकथाकाराचं ‘अ ड्रिफ्टिंग लाइफ’ इंग्रजीत काढलं. त्या आवृत्तीचा संपादकही टोमिनेच. तात्सुमी १९३५ सालचे, ओसाकाचे. युद्धानंतरच्या गरिबीत, मासिकांच्या स्पर्धांना पोस्टकार्डावर चित्रकथा काढून पाठवणारा एक पोरगा चित्रकार कसा झाला, याची ही आठशेहून जास्त पानांची गोष्ट. साठी ओलांडलेला माणूस आपल्या हौशी दिवसांना इतकी पानं देतो. ती पोस्टकार्डं त्याला क्षुल्लक वाटत नाहीत.

आता थोडं कारागिरीबद्दल बोलतो, कारण हे अंक कसे तयार होतात ते माहीत असल्याशिवाय ते का जपावेत, हे पटणार नाही.

सोळा पानी पुस्तिका म्हणजे मधोमध दुमडलेले चार कागद. पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं येतं, दुसऱ्याच्या शेजारी पंधरावं. शेजारच्या दोन पानांची बेरीज कायम सतरा. प्रेसवाले ज्याला डमी म्हणतात ती कोरी पुस्तिका आधी करून, तिच्यावर पानांचे आकडे घालून, मग चित्रं बसवायची. याचा परिणाम गोष्टीवर होतो. पानं चारच्या पटीतच वाढतात, त्यामुळे गोष्ट सोळा पानांत मावत नसेल तर एकतर वीस पानांची करा, नाहीतर काहीतरी काढून टाका. उजवीकडच्या पानावर शेवटच्या चौकटीत वाचक थांबतो आणि पान उलटतो. तिथे काय ठेवायचं, हे ज्याने स्वतः कागद दुमडले आहेत त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

झेरॉक्सच्या यंत्राचीही एक शिस्त असते. जुन्या यंत्रांवर मोठा काळा भाग कधी सलग उठायचा नाही. कडा गडद यायच्या, मधे पांढुरका चट्टा पडायचा. पेन्सिलीची करडी छटा गायबच व्हायची. त्यामुळे काळोख दाखवायचा तर बारीक रेषांची जाळी विणावी लागे. फिकट निळी पेन्सिल मात्र त्या यंत्रांना दिसायची नाही, म्हणून कच्चं आरेखन निळ्याने करून वर शाई फिरवायची, खोडायची गरज नाही. त्या काळातल्या झेरॉक्स पुस्तिका पाहिल्या, मग त्या टोरांटोच्या असोत की मिरजेच्या, तर रेषेरेषेने विणलेली ती रात्र सगळीकडे सारखीच दिसते. तिला शैली म्हणणारे म्हणोत. मला तिच्यात दुकानातलं यंत्र दिसतं.

मिरजेचं नाव आलं, तर माझ्या पहिल्या पुस्तिकेबद्दल सांगतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं बनवणारे कारागीर आहेत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते भिजवून कापतात, आतून काठ्यांचा आधार देऊन आकार धरतात आणि वाळवतात. या गल्लीवर मी एक सोळा पानी चित्रकथा काढली होती. आजोबा आणि नातू, नातवाला शहरात जायचं आहे, अशी गोष्ट. संवाद भरपूर, कारण माझा सगळा जीव संवादांत होता.

पहिली प्रत मी ज्यांच्या दुकानात बसून रेखाटनं केली होती त्या बुजुर्ग कारागिरांना नेऊन दिली. ‘बसा चाचा, सावकाश वाचा’ म्हटलं. त्यांनी पुस्तिका डोळ्यांपासून लांब धरली आणि पानं उलटायला लागले. संवादांवर नजर ठरतच नव्हती. सहाव्या पानावर थांबले. तिथे एकही शब्द नव्हता. कापलेल्या भोपळ्याच्या आत काठी बसवणारा हात, एवढीच चौकट होती. तिच्यावर अंगठा ठेवून ते म्हणाले, “ही काठी आहे बघा. हिच्यावर सगळं.” मग नातवाला हाक मारून ते पान दाखवलं. नातू आला, त्यानेही तीच चौकट पाहिली आणि काठी किती कोनात बसवायची यावर दोघांचं बोलणं सुरू झालं. मी काढलेल्या आजोबा-नातवाचं भांडण तिथे कुणाच्या लेखी नव्हतं. खरे आजोबा आणि खरा नातू माझ्या एका मुक्या चौकटीवर बोलत होते.

त्यानंतर माझ्या चित्रकथांमध्ये हात वाढले, अवजारं वाढली, शब्द कमी झाले. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नसतं. प्रकाशकामार्फत गेलेल्या पुस्तकाचा वाचक लेखकाला क्वचितच दिसतो. हाताने दिलेल्या पुस्तिकेचा वाचक समोर बसलेला असतो, त्याचा अंगठा कुठे थांबतो ते दिसतं. आज ती पुस्तिका मी नव्याने काढली तर सहावं पान सफाईदार होईल आणि त्या दुपारशी त्याचा काही संबंध उरणार नाही.

आता जपानकडे वळतो, कारण तिथे या कामाला जी प्रतिष्ठा मिळाली तशी क्वचितच कुठे मिळाली असेल. आपल्या घरातली मुलं ज्याच्यामागे वेडी असतात तो डोरेमॉन ‘फुजिको फुजिओ’ या नावाखाली आला. हे नाव दोन मित्रांचं होतं, हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ अबिको. तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावी, युद्ध चालू असताना, शाळेतच त्यांची गट्टी जमली. १९४७ साली ओसामू तेझुकांचं ‘शिन ताकाराजिमा’ हे चित्रकथेचं पुस्तक निघालं, आणि त्याने भारावलेल्या या दोन मुलांनी स्वतःचं मासिक काढायला घेतलं. हातानेच लिहिलेलं, हातानेच रंगवलेलं, प्रत एकच. ती मित्रांमध्ये फिरायची. पुढे १९५१च्या अखेरीस, शाळकरी वयातच, मुलांच्या एका दैनिकात त्यांची पहिली मालिका छापून आली. तरीही १९७०पासून अबिकोंनी ‘मांगा मिची’ नावाची प्रदीर्घ आत्मकथनात्मक मालिका लिहायला घेतली, तेव्हा तिचा प्राण त्या हस्तलिखिताच्या दिवसांत होता.

ईशान्य जपानातल्या मियागी प्रांतात चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी आणि त्याच्या मित्रांनीही असंच एक हस्तलिखित चालवलं होतं, ‘बोकुजू इत्तेकी’ म्हणजे शाईचा एक थेंब. वेगवेगळ्या गावांतली मुलं पानं काढून पाठवायची, ती एकत्र बांधली जायची आणि अंक टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे जायचा.

मग २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिलं ‘कॉमिक मार्केट’ भरलं. स्वतःच्या पुस्तिका घेऊन ३२ गट आले, सुमारे ७०० माणसं जमली. त्यांत शाळा-कॉलेजातल्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या. आज त्या बाजारात लाखोंची गर्दी असते. या बाजाराच्या प्रवर्तकांपैकी एक, योशिहिरो योनेझावा, आयुष्यभर असल्या पुस्तिका आणि मासिकं जमवत राहिले. त्यांच्या पश्चात, पुन्हा २००९ सालीच, टोकियोच्या मेइजी विद्यापीठाने त्या संग्रहाचं ग्रंथालय उघडलं. तिथे जाऊन त्या पुस्तिका मागवून वाचता येतात.

अमेरिकेतलंही एक उदाहरण सांगतो. क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल शाळेतले जेरी सीगल आणि जो शुस्टर. सीगल ‘सायन्स फिक्शन’ नावाचं चक्रमुद्रित नियतकालिक काढायचा. जानेवारी १९३३च्या तिसऱ्या अंकात त्याची एक कथा आली, चित्रं शुस्टरची. मंदीच्या काळात मोफत पावासाठी रांगेत उभा असलेला एक कफल्लक माणूस एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगामुळे अचाट शक्ती मिळवतो, दुष्ट होतो आणि अखेर त्याच रांगेत परततो. कथेत त्याला ‘सुपरमॅन’ म्हटलं आहे. १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जो सुपरमॅन आला तो सज्जनांचा कैवारी. हा उलटा फेर ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने १९३३चा तो अंक पाहायला हवा, आणि तो पाहता येतो, कारण कुणीतरी ते पिनांचे कागद टाकले नाहीत.

आपल्याकडे काय झालं? हस्तलिखितांची परंपरा आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांतून वर्षाला एक हस्तलिखित निघायचं, सुलेखन एकाचं, चित्रं दुसऱ्याचं, आणि भित्तिपत्रक वेगळंच. कवितेच्या बाबतीत आपण या गोष्टीची किंमत जाणली. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी काढलेलं चक्रमुद्रित ‘शब्द’ असो किंवा पुढच्या दशकातली अनियतकालिकं असोत, त्यांच्यावर लेख आले, पुस्तकं आली. चित्रकथेच्या वाट्याला हे आलं नाही. शाळेची हस्तलिखितं इमारतीची रंगरंगोटी निघाली की रद्दीत जातात.

ओरिजित सेन यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही नर्मदेवरच्या धरणाची चित्रकथा १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण संघटनेने काढली. तो विषय आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावांचाही आहे. ती आवृत्ती संपली आणि पुस्तक वर्षानुवर्षं मिळेनासं झालं. २०२२ साली चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने ते पुन्हा छापलं, तेव्हा नवी पिढी त्याच्यापर्यंत पोहोचली. भारतातली पहिली मोठी चित्रकादंबरी म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जातं, तिची ही गत. मग कोपऱ्यातल्या झेरॉक्स पुस्तिकेचं काय होत असेल!

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. ज्यांच्या घरात असे अंक आहेत त्यांनी आधी लोखंडी पिना काढाव्यात, त्या गंजून कागद खातात. दोऱ्याने शिवावं. झेरॉक्सची पानं प्लास्टिकच्या मऊ पाकिटात घालू नयेत, शाई प्लास्टिकला चिकटून सुटून येते. साध्या कागदी पाकिटात, आडवी ठेवावीत. आतल्या बाजूला पेन्सिलीने साल, गाव आणि प्रती किती काढल्या ते लिहावं. चित्रं दुरुस्त करू नयेत.

दुसरी विनंती इथे बसलेल्या वाचनालयांच्या पदाधिकाऱ्यांना. आपल्या अनेक गावांत नगर वाचनालय आहे, काहींनी शतक ओलांडलं आहे. तिथे दाखल करून घेताना प्रकाशकाचं नाव, किंमत, आवृत्ती असे रकाने असतात. या पुस्तिकांकडे यातलं काहीच नसतं, म्हणून त्या परत पाठवल्या जातात. एक वेगळी नोंदवही करा. रकाने चारच ठेवा, काढणाऱ्याचं नाव, गाव, साल, पानं. एक कपाट द्या. माझे सगळे अंक, पहिल्यापासूनचे, मी पिशवीत आणले आहेत. ज्या वाचनालयाला ते हवे असतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर इथेच घेऊन जावेत. नोंदवहीचा नमुनाही सोबत आहे.