राजीनामा : जुन्या गावातील संमतीची गोष्ट



अमक्यानं राजीनामा दिला असं कानावर आलं, की आपण समजतो, गडी नोकरी किंवा पद सोडून चालला. पण तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या चावडीवर हा शब्द कोणी उच्चारला असता, तर लोकांनी निराळा अर्थ घेतला असता. शब्द फारशीतून आलेला. 'राजी' म्हणजे खूश, कबूल. 'नामा' म्हणजे कागद. पंच जो निवाडा करतील तो मला मान्य आहे, असं भांडणाऱ्यानं निवाड्याच्या आधीच लिहून द्यायचं, तो राजीनामा. या एका कागदाच्या निमित्तानं जुन्या मराठी मुलखात माणसाच्या संमतीला काय किंमत होती, ते आज पाहू.

समजा, सतराव्या शतकातलं एक गाव आहे आणि दोन घराणी पाटीलकीसाठी भांडत आहेत. ज्यानं आधी गाऱ्हाणं मांडलं तो अग्रवादी, दुसरा पश्चिमवादी. प्रकरण गोतापुढे येई. गोत म्हणजे केवळ नातेवाईक नव्हेत. परगण्याचे देशमुख-देशपांडे, गावचे पाटील, कुळकर्णी, चौगुला, मिरासदार, बलुतेदार, बाजारपेठ असेल तर शेटे-महाजन, असे सगळे वतनदार मिळून गोत होई. त्यांच्यापुढे दोघेही राजीनामा देत आणि वर जामीन देत. मग साक्षी-पुरावे होत. साक्षीदार बेलभंडार उचलून शपथ घेई. शेवटी निकालाचा कागद होई, तो महजर. त्यावर हजर मंडळींची नावं, आणि ज्याला लिहिता येत नसे त्याच्या धंद्याची खूण. कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. शिक्षकांनो, अशा खुणांचे कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेले आहेत. मुलांना एकदा जरूर दाखवावेत.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण साधं आहे. निकाल अंमलात आणायला गावात पोलीस नव्हते. हरलेला आणि जिंकलेला दोघांनाही दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायचं, त्याच शिवारात नांगर धरायचा. हरलेल्याच्या मनानं निकाल घेतला नाही, तर भांडण नातवंडांपर्यंत चालायचं. म्हणून आधी राजीनामा, आणि शेवटी हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे 'मी हरलो, माझा हक्क नाही' असं लिहून घेत. सरकारातही पैसे भरावे लागत. जिंकलेला हरकी देई, हरलेला गुन्हेगारी.

कऱ्हाड भागातल्या मसूर गावचं एक जुनं प्रकरण प्रसिद्ध आहे. तिथल्या पाटीलकीसाठी बापाजी मुसलमान आणि नरसोजी जगदाळे यांचा वाद होता. बापाजीनं विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाकडे तक्रार केली, की इथल्या मंडळींकडून मला न्याय मिळत नाही. बादशहानं प्रकरण दूर पैठणला पाठवलं. पैठणकरांनीही निकाल बापाजीच्या विरुद्धच दिला, आणि बादशहानं तो फिरवला नाही. राजा ज्या धर्माचा, त्याच धर्माचा वादी. तरी राजानं मंडळींचा निवाडा कायम ठेवला. मनात आणलं असतं, तर मोडायला त्याला कितीसा वेळ लागला असता?

हे ऐकून तुम्हाला वाटेल, काय चांगला काळ होता! थांबा. नाण्याची दुसरी बाजूही पाहायला हवी.

जुन्या खरेदीखतांत एक शब्द हटकून येतो, 'आत्मसंतोषें'. मी माझ्या मनाच्या संतोषानं जमीन विकत आहे, वतनाचा वाटा देत आहे, असा त्याचा अर्थ. पण त्याच कागदात वर काय लिहिलेलं असतं? दुष्काळ पडला, पोरंबाळं उपाशी मरू लागली, सावकाराचं देणं थकलं. १६३० साली सुरू झालेल्या मोठ्या दुष्काळानं दख्खनमध्ये माणसं आणि गुरं किती मेली, याला गणती नाही. अशा वेळी मूठभर धान्यासाठी वडिलार्जित वतन विकणाऱ्याचा संतोष तो कसला? अक्षरं संतोषाची, आणि पोटात भूक.

दुसरी गोष्ट तगाद्याची. ऋणको पंचायतीला कबूल होत नसला, तर धनको त्याच्या दारात धरणं धरून बसे, त्याला अन्नपाणी घेऊ देत नसे. एल्फिन्स्टननं १८१९ च्या आपल्या अहवालात या चालीचं वर्णन केलं आहे. असा माणूस शेवटी 'राजी' म्हणत असे. कागद राजीनाम्याचाच होई.

आणि कित्येकांना तर कोणी विचारतच नसे. विकत घेतलेल्या कुणबिणीची संमती कोणी घेतली नाही. बोहल्यावर उभ्या केलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला कोणी विचारलं नाही. शिवेचा वाद निघाला की महाराच्या साक्षीवाचून चालत नसे, त्याचा शब्द मोलाचा. पण वाद मिटला की तोच माणूस पुन्हा गावकुसाबाहेर. विधवा आईचं नाव अज्ञान मुलासाठी कागदावर येई खरं, पण निवाडा करणारी मंडळी बहुधा पुरुषच.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या वेळचे कायदे आले, कचेऱ्या आल्या. निकाल आता सरकारी हुकमानं होऊ लागला. पंचायत मागे पडली आणि राजीनामा या शब्दाचा जुना अर्थही हळूहळू विसरला गेला.

आज १९९२ च्या घटनादुरुस्तीप्रमाणे गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण, बाई असो की पुरुष, ग्रामसभेचा सभासद आहे. जुन्या गोतात ज्यांना जागा नव्हती त्यांनाही इथं जागा आहे. तरीसुद्धा ठरावाच्या वहीवर अंगठे आणि सह्या आधी, आणि वाचन मागाहून, असं कुठं कुठं होतं. होतं की नाही, ते तुमचं तुम्हीच सांगा!

म्हणून पुढच्या सभेत वही समोर आली, की दोन प्रश्न विचारा. ज्यांच्यावर या ठरावाचा भार पडणार आहे, त्या सर्वांना विचारलं का? आणि ज्याला नाही म्हणायचं आहे, त्याला निर्भयपणे नाही म्हणता येईल का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर खुशाल सही करा. एकाचंही उत्तर नाही असेल, तर त्या वहीत जुनंच 'आत्मसंतोषें' नव्या शाईनं लिहिलं जात आहे, असं समजा.