सिस्टरांचा सराव ड्युटीतच झाला पाहिजे

(झाशीच्या सीपरी बाजारात झालेल्या शाखा-सभेतील सचिवांचे भाषण)



बोनस आणि पेन्शन यांवर आधीचे वक्ते बोलले आहेत. मी इमर्जन्सीत काम करणाऱ्या नर्स भगिनींविषयी बोलणार आहे. मॅट्रिक झालेल्या गार्डाला त्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. एवढे कळते की आपली आणि त्यांची परीक्षा अचानक होते, आणि बहुधा रात्रीच होते.

मार्ग अडला तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके लावायचे, हे प्रत्येक गार्डाला पाठ असते. पण पावसात, अंधारात, खडीवरून धावताना पाठांतर उपयोगी पडत नाही. ज्याने आधी लावून पाहिले आहेत त्याचाच हात चालतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गँगमनला मी एका इस्पितळात नेले. सिस्टर होती, अँबू बॅगही होती. पण मास्क तोंडावर बसेना, हवा बाजूने निसटत होती. गँगमन गेला. नंतर ती पोर रडत म्हणाली, "दादा, ही बॅग आम्हाला लांबून दाखवली होती, हातात कधी दिलीच नाही." तिला दोष कसा द्यावा?

नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल हे मूळचे खेळणी बनवणारे. त्यांनी १९६० साली अशा सरावासाठी माणसाएवढी बाहुली काढली. आता महागड्या संगणकी बाहुल्याही निघाल्या आहेत. ज्यांना परवडतील त्यांनी घ्याव्यात. नवजात बाळाची साधी बाहुली आहे, तिच्यात पाणी भरले की खऱ्या बाळाएवढी जड होते. बेळगावच्या डॉक्टरांनी अशा बाहुल्यांवर कर्नाटकात बाळंतपणे करणाऱ्या ५९९ जणांना शिकवले. त्याचे निष्कर्ष २०१३ साली छापून आले. मृत जन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. म्हणजे निपचित म्हणून सोडून दिली गेली असती अशी काही बाळे वाचली. नंतरच्या दिवसांतले बालमृत्यू मात्र घटले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बाहुली काही जादू करत नाही.

आपल्या झाशीत १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री मेडिकल कॉलेजच्या नवजात कक्षाला आग लागली. त्या रात्री १० बाळे गेली. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ रोजी तसेच घडले होते. तिथेही १० गेली, ७ वाचली. धुरात, अंधारात कोणते बाळ कोणी उचलायचे, कोणत्या दाराने न्यायचे, हे त्या क्षणी ठरवता येत नाही. याच्या सरावाला लाखाची बाहुली लागत नाही. रिकामा वॉर्ड, बंद दिवे आणि चादरीत गुंडाळलेली दीड-दोन किलो वाळू पुरते.

अपघात मदत गाडीचा मॉक ड्रिल आपण ड्युटीत करतो. मग सिस्टरने नाइट संपल्यावर, घरी लेकरे वाट पाहत असताना सरावाला का थांबावे? आमची मागणी अशी: महिन्यातून दोनदा अर्धा तास, रोस्टरमध्येच, आणि तेवढा वेळ वॉर्डात बदली माणूस. आणखी एक, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: सरावात चुकलेल्या सिस्टरला मेमो मिळता कामा नये. मेमोची भीती असली की माणूस चूक लपवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पोस्टातल्या मित्रांनी हा रेल्वेचा प्रश्न समजू नये. रात्री छातीत दुखू लागले की तुम्हालाही अशाच एखाद्या सिस्टरच्या हाती जावे लागते.

अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे. इस्पितळातल्या भगिनींनी आधी वाचावा, चुकले असेल ते खोडावे, मग बाकीच्यांनी सह्या कराव्यात.