कुवेतची शिल्लक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही; पण एक गोष्ट पदरचे मोल देऊन शिकले, ती सांगण्यासाठी उभी आहे.

पूर्वी आपल्या पोलादपुरात घरोघरी मुंबईची मनिऑर्डर येई. पुढे महाडकडच्या गावांत आखाती देशांचे ड्राफ्ट येऊ लागले. पैसे येत, पण ते ठेवायचे कोठे, हा विचार पुरुषांचा समजला जाई.

आमचे यजमान कुवेतला होते. निम्मा पगार घरी पाठवीत, निम्मा तिथल्या बँकेत ठेवीत. "घर बांधताना एकदम आणीन," म्हणत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर स्वारी केली. बगदाद, अम्मान असा प्रवास करून ते एअर इंडियाच्या विमानाने मुंबईस उतरले, तेव्हा हाती एक पिशवी होती. त्या वेळी लाखाहून अधिक माणसे अशी सुखरूप आली. शिल्लक मात्र तिकडेच राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या भरपाईतून काही रक्कम मिळाली, पण तोवर मुलांच्या शाळा संपल्या होत्या. त्या शाळा चालल्या, त्या मी दरमहा पोस्टात टाकलेल्या पैशांवर.

आता मुलगा कतारला आहे. तो दरमहा एन.आर.ई. खात्यात पैसे भरतो. ही सोय १९७० पासून आहे. हे पैसे रुपयांत राहतात, पुन्हा परदेशी नेता येतात, आणि तो तिकडे राहतो तोवर व्याजावर इथे आयकर नाही. रुपया घसरण्याची भीती वाटेल त्याने एफ.सी.एन.आर. ठेव करावी; ती परकीय चलनातच राहते.

सगळेच घाईने आणा, असे मी म्हणत नाही. परदेशात राहून मिळविलेले धन परतल्यावरही तिकडे ठेवण्यास १९९९ च्या कायद्याने मुभा आहे. मात्र माणूस कायमचा परतला की बँकेस कळविले पाहिजे. मग एन.आर.ई. खाते साधे होते, किंवा पैसे आर.एफ.सी. खात्यात परकीय चलनात ठेविता येतात. हवाल्याने मात्र पाठवू नये. ते बेकायदेशीर, आणि रक्कम बुडाली तर दाद कोणाकडे मागणार?

२२ जुलै २०२१ ला महाडात पुराचे पाणी आमच्या माळ्यापर्यंत आले. पासबुकांचा लगदा झाला. पण खात्यांचे नंबर एका वहीत लिहून मी माहेरी, पोलादपूरला ठेविले होते. त्यामुळे नवी पासबुके मिळाली.

तेव्हा भगिनींनो, आज घरी गेल्यावर विचारा: पैसे कोणत्या बँकेत आहेत, खात्याचा नंबर काय, नॉमिनी म्हणून नाव कोणाचे? विचारण्यात अविश्वास नाही. मी १९९० पूर्वी विचारले नाही, तेवढेच मनाला लागून राहिले आहे.