धीर हा रोजच्या सरावाचा विषय

(वैजापूर येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाला ‘मानसिक लवचीकता’ असे भारदस्त नाव दिले आहे. घरातील वडीलधारी मंडळी त्याला साध्या भाषेत धीर म्हणत.

धीर म्हणजे काय, हे वैजापूरकरांना बाहेरून येऊन कोणी सांगावे अशी स्थिती नाही. मृगापासून आभाळाकडे लागलेले डोळे, नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याला आवर्तन केव्हा सुटेल याची प्रतीक्षा, आणि पीक हाती आले की कोसळलेला कांद्याचा भाव! १९७२चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६च्या टंचाईत टँकरमागे घागरी घेऊन धावलेली मुले आज नोकरीत आहेत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसली आहेत. एवढे सोसलेल्या याच मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांचे दुःखही आपण वर्षानुवर्षे पाहत आहोत. याचा अर्थ, सोसण्याची सवय निराळी आणि धीर निराळा. सोसणारा मुकाट राहतो, आणि मुकाट माणूस आतून केव्हा खचला, हे बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यालाही कळत नाही.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८चा, आपल्याच मराठवाड्यातील जांबचा. त्यांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले. त्यांत त्यांनी मनाला दरडावले नाही; जवळ बसवून समजाविले. प्रसंग आपल्या हातात नसतो, त्याविषयी मन स्वतःशी काय बोलते ते मात्र बदलता येते, हा त्यातला व्यवहार. १९५५च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच सूत्रावर उभी केली, आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. ‘परीक्षेत अपयश आले’ हे सत्य आहे. ‘आता घरी तोंड दाखविता येणार नाही’ हे मनाने जोडलेले शेपूट आहे. ते ओळखण्याचा सराव रोज करावा लागतो. संकटाच्या दिवशी तो सुरू करता येत नाही.

या संदर्भात वंदनीय मावशींचे, लक्ष्मीबाई केळकरांचे जीवन पाहावे. १९३२ साली वर्ध्यात पतीचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस. पदरात मुले, डोक्यावर घराचा कारभार. त्या काळात विधवेने माजघराबाहेर पडणे म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगूनही पटणार नाही. मावशींनी दुःख नाकारले नाही. त्यांनी त्याला काम दिले. सायकल शिकल्या, चारचौघांत बोलण्याची सवय केली, रामायणाचा अभ्यास करून पुढे प्रवचने केली. मुलांमुळे संघाचा परिचय झाला, डॉ. हेडगेवारांशी चर्चा झाली, आणि १९३६च्या विजयादशमीला वर्ध्यातच राष्ट्र सेविका समिती उभी राहिली. पतिनिधनापासून तिथवर चार वर्षे लागली. आपण मात्र दुःखी माणसाला चौदाव्या दिवशी ‘आता सावरा’ म्हणून मोकळे होतो!

१९४७च्या ऑगस्टमध्ये, फाळणीच्या ऐन धामधुमीत, मावशी कराचीला गेल्या. तिथल्या भगिनींवर येऊ घातलेले संकट टाळणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु एवढ्या धोक्याच्या वेळी आपले माणूस समोर येऊन बसते, याला मोल असते. माझ्या मते धीर देण्याची याहून मोठी रीत नाही.

आता थोडे आपल्या कार्यकर्त्यांविषयी. गावातील कोणाच्याही अडचणीला धावणारा कार्यकर्ता स्वतःच्या घरी पुष्कळदा अबोल असतो. कर्जाचा हप्ता थकला, कार्यालयात वरिष्ठांनी अपमान केला, झोप उडाली, तरी पत्नीला सांगत नाही. पुरुषाने रडू नये, हा संस्कार आपण कोठून उचलला कोणास ठाऊक. रामायणातला राम सीतेसाठी रडतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही तो दुबळा वाटत नाही.

म्हणून रात्रीचे एक जेवण तरी सर्वांनी एकत्र, दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवून घ्यावे. ‘आज किती गुण पडले’ याऐवजी ‘आज काय जड गेले’ असे मुलांना विचारावे, आणि वडिलांनीही त्याचे उत्तर द्यावे. आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, जगणे नकोसे झाल्याची भाषा तोंडी येत असेल, तर गंडेदोरे नकोत आणि नुसता उपदेशही नको. मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातोच ना? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; दूरध्वनी विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा.

आणि एक विनंती. ज्या घरात या वर्षी दुःख झाले, तिथे तेराव्यापर्यंत आपण सारे गेलो असू. आता तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा जावे. पेरणीच्या तोंडाशी जावे, मुलांच्या शाळा सुरू होताना जावे. काय बोलावे याची चिंता नको. चहा घ्यावा, थोडे बसावे, आणि उठताना पुढच्या रविवारी येतो असे सांगून खरोखर जावे.