आपल्या शाळेतले गोंड मूल, त्याचे गुरुजी आणि आपण
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीत या व्यासपीठावर संतसाहित्य, आरोग्य, संत्र्यावरचे रोग, नाट्यगीते असे विषय होत आले आहेत. यंदा मंडळाने आम्हाला सांगितले, "शाळेबद्दल काही बोला." बोलणारा एकच उभा असला तरी हे भाषण आम्ही चौघांनी मिळून तयार केले आहे. एक जनशिक्षक आणि तीन प्राथमिक शिक्षक, सगळे सौंसर-पांढुर्ण्याच्याच मातीतले, सगळे मराठी घरातले. म्हणून "आम्ही" म्हणतो. त्यात मोठेपणा नाही, उलट चुकांची वाटणी आहे.

पहिली चूक आधी सांगून टाकतो. आमच्यापैकी एकाची पहिली नेमणूक. गावाचे नाव सांगत नाही. दुसरीच्या वर्गात चिंचोके मोजायला दिले होते. एक पोरगं भिंतीला टेकून आपल्याच नादात मोजत होतं, "उंदी, रंड, मुंद..." शेजारच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. एक उठून म्हणाली, "सर, हा शिव्या देते." सरांनी काही विचारले नाही. कान धरून त्याला दाराशी उभे केले.

पुढे दोन वर्षांनी आठवडी बाजारात एक म्हातारी चारोळीची मापे टाकत होती. मापागणिक तोंडाने चालले होते, "उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग." आमचा गडी तिथेच थांबला. "माय, हे काय म्हणता?" म्हातारी हसली. "मोजून राहिली बापू. एक, दोन, तीन."

गोंडीत रंड म्हणजे दोन. दुसरे काही नाही.

पोरगं तोवर चौथीत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला पुढे बोलावले, सगळ्यांसमोर सांगितले की चूक आमची होती, आणि म्हणाले, "आता तुझ्या बोलीत मोज." त्याने मोजले. "एक, दो, तीन, चार..." हिंदीत, वीसपर्यंत, एकही चूक न करता. मग जागेवर जाऊन बसला.

आज बोलायला उभे राहिलो ते या पोरासाठी. पण आधी थोडे आपल्याबद्दल बोलू, कारण हा प्रसंग कुणाला कळायला हवा असेल तर तो आपल्याला.

१९५६ पर्यंत आपण आणि नागपूर एकाच प्रांतात होतो, नागपूर राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला मराठी टापू छिंदवाडा जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, देवघरात मराठी, पोळ्याच्या झडत्या मराठीत, आणि शाळेचे पुस्तक हिंदीत. आपल्यातल्या अनेकांनी शाळेच्या भिंतीवर पहिल्यांदा "शिक्षा का अधिकार" वाचले तेव्हा काय वाटले ते आठवा. घरी शिक्षा म्हणजे छडी. सरकार मार खाण्याचा अधिकार कशाला देते आहे, हे पोराला कळेना! आम्ही आजही हे हसत सांगतो. पण भोपाळ-जबलपूरला शिकायला गेलो आणि "चाय ले के राहिलो" म्हटल्यावर अख्खी खोली हसली, तेव्हा आम्हाला हसू आले नव्हते. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही तोंड उघडण्याआधी मनात वाक्य जुळवत होतो.

राज्यपुनर्रचनेसोबत १९५६ मध्येच घटनेत कलम ३५०-अ घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे त्यात आहे. मराठीसाठी अर्ज करताना आपण हे कलम दाखवत आलो. त्यात "मराठी" हा शब्द कुठेच नाही. त्याच बाकावर बसलेल्या गोंड मुलालाही ते तेवढेच लागू आहे, आणि हे आमच्या ध्यानात यायला नोकरीची पंधरा वर्षे जावी लागली. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळजवळ तीस लाख आहेत. तरी ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही.

आपल्याकडचे गोंड मूल तीन भाषांतून चालत शाळेत येते. आजीच्या मांडीवर गोंडी, गल्लीत मराठी, पुस्तकात हिंदी. पुष्कळ घरांत गोंडी आता आजीपुरतीच उरली आहे, हेही खरे. तिथे भाषेपेक्षा घरचे ज्ञान, देव, झाडे, नातीगोती यांचा प्रश्न मोठा होतो. यातले शाळेत काय येते? आम्ही डी.एड. केले त्या दोन वर्षांत पियाजे आला, माँटेसरी आली. वर्गात ज्यांची मुले बसणार होती त्या गोंडांबद्दल एक ओळ आली नाही. मग शिक्षकाला दोष किती द्यायचा?

आणि शिकवण्यासारखे इथेच इतके आहे की दूर जायला नको. देवगड घ्या, मोहखेडच्या बाजूला. आपल्यापैकी किती जण मुलांना घेऊन तिथे गेले? तिथल्या जाटबा राजाचा उल्लेख अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत आहे. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याने जातधर्म न पाहता कर्तबगार माणसे कामावर घेतली, आणि चहूकडून कष्टाळू शेतकरी-कारागीर त्याच्या मुलखात येऊन वसले. भोसले आले ते त्यानंतर. आपण स्वतःला इथले जुने रहिवासी म्हणवतो, आणि ते खोटे नाही. पण आपल्या आधी इथे नांदते राज्य होते, आणि ते ज्यांचे होते त्यांची नातवंडे आज आपल्या संत्र्याच्या बागेत तोडणीला येतात.

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे आहे. रामाकोना. १९३० च्या जंगल सत्याग्रहात वनकायदा मोडला म्हणून बादल भोईंना रामाकोन्याला अटक झाली आणि चांद्याच्या तुरुंगात पाठवण्यात आले. छिंदवाड्याच्या आदिवासी संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. नव्या इमारतीतल्या स्वातंत्र्यसैनिक संग्रहालयाचे उद्घाटन १५ नोव्हेंबर २०२४ ला झाले. आमच्या शाळांतून पंधरा ऑगस्टला जी भाषणे होतात त्यात झाशी येते, साबरमती येते. रामाकोना क्वचितच.

आम्ही सुरुवात हजेरीपटापासून केली. टेकाम, मरकाम, इरपाची ही आडनावे आम्ही वर्षानुवर्षे सकाळी पुकारत होतो. गोंडीत टेका म्हणजे साग, मरका म्हणजे आंबा, आणि इरपाची हे नाव मोहावरून आलेले. आमच्या वर्गात झाडे बसली होती आणि आम्ही पर्यावरणाच्या तासाला पुस्तकातले देवदार शिकवत होतो! ज्या दिवशी फळ्यावर हे लिहिले त्या दिवशी एक टेकाम पोरगी घरी जाऊन आजोबांना घेऊन आली. म्हातारबाबांनी सांगितले की गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी घराणी असतात आणि समान देवसंख्येच्या घरात सोयरीक होत नाही. चौथीच्या मुलांनी आपापली घरे चार रकान्यांत मांडली. गणितातल्या वर्गीकरणाचा पाठ तिथेच झाला. मराठी मुलांनी घरी जाऊन आपली गोत्रे आणि कुळदैवते विचारली, तो फायदा वेगळाच.

पण सगळे असे गोड झाले नाही. उत्साहाच्या भरात आम्ही देवांची नावे आणि चित्रे असलेला तक्ता करून भिंतीवर लावला. दुसऱ्या एका गावचे भुमका बाबा आले, तक्त्यासमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हे भिंतीवर लावायचं नसते. हे ज्याचं त्याच्या घरी." आम्ही तक्ता उतरवला. तेव्हापासून नियम केला की आधी विचारायचे काय सांगता येते आणि काय नाही, आणि जे सांगायचे नाही त्याचे कारण मागायचे नाही. बाहेरून छापून आलेली गोंडी शब्दांची पुस्तिका आणली तर तिच्यातले निम्मे शब्द इथल्या म्हाताऱ्यांना परके वाटले. मंडल्याची गोंडी वेगळी, गडचिरोलीची वेगळी, आपली वेगळी. म्हणजे पुस्तिका गावातच करावी लागणार, आणि ती कुणाला तरी बसून करावी लागणार.

इथे शिक्षकाची बाजू मांडायची आहे, कारण टाळ्या सगळे वाजवतात आणि काम त्याच्यावर पडते. मिशन अंकुरमध्ये वाचन-गणिताचे आठवड्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे. कुठे पाच वर्ग आणि दोन शिक्षक, त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर सर्वेक्षणाच्या कामावर. त्याला आपण म्हणतो, गोंडी संस्कृतीही घ्या. तो घाबरतो. वेळेला घाबरतो, आणि त्याहून जास्त चुकण्याला. चुकीचा शब्द बोललो, कुणाचा देव दुखावला, मोबाइलवर फिरले, तर? म्हणून तो सगळ्यांत सोपी वाट धरतो आणि काहीच करत नाही.

आम्ही महिन्याच्या बैठकीत अर्धा तास यासाठी राखून ठेवला. सगळेच जमले नाही, तरी तीन गोष्टी उपयोगी पडल्या. प्रत्येक गावात एक नाव, ज्याला शंका विचारता येते. प्रत्येक पाठाला जोडता येईल असा एक पानी कागद, उदाहरणार्थ तरफेच्या पाठाला होळीनंतरच्या मेघनाथाच्या खांबावर फिरणारी आडवी बल्ली. आणि शिक्षकाच्या मागे उभा राहणारा वरिष्ठ, जो म्हणेल की चूक झाली तर आपण दोघे मिळून माफी मागू. वर्गात येणाऱ्या म्हाताऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती द्यायला मात्र कोणत्याही शीर्षात पैसे नाहीत. सध्या आम्ही खिशातून देतो.

विरोध कुठून येतो ते ऐकाल तर नवल वाटेल. आपल्या मराठी पालकांनी कुरकुर केली, पण थोडी. मोठा प्रश्न एका गोंड बापाने विचारला. "गुरुजी, गोंडी शिकून माझ्या पोराला कोणती नोकरी लागणार? त्याला इंग्रजी शिकवा." आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. शेवटी एवढेच म्हणालो की दादा, इंग्रजी शिकवूच, पण घरच्या बोलीची लाज शिकवणार नाही. ते काही बोलले नाहीत. मुलगा शाळेत येतो आहे.

हा प्रश्न जगभर आहे. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे मेलबर्न-सिडनीला आहेत, त्यांना विचारा. तिथल्या शाळांत कार्यक्रमाच्या आधी ती जमीन मुळात ज्या आदिवासी समाजाची, त्याचे नाव घेतले जाते. २०११ मध्ये तिथे शिक्षकांसाठी जी व्यावसायिक मानके ठरली त्यात आदिवासी मुलांना कसे शिकवावे आणि त्यांचा इतिहास, भाषा, संस्कृती सगळ्याच मुलांना कशी समजावी, ही दोन कलमे स्वतंत्र आहेत. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. मुलांना आईबापांपासून तोडून नेण्याचा इतिहास त्यांच्याही मागे आहे. पण शिक्षकाला हे यायला हवे, असे लेखी म्हटले की त्याला ते शिकवण्याची जबाबदारी कुणावर तरी येते. आपले नातू तिथे ते नाव अदबीने घेतात. इथे मात्र आपल्याच शाळांत "आदिवासी नृत्य" म्हणून मुलांना पाने गुंडाळतात, तोंडाला काळे-पांढरे पट्टे ओढतात, हातात भाला देतात, आणि खरे गोंड मूल इस्त्रीचा गणवेश घालून समोर बसून ते बघते. रागावू नका, पण आपल्या मंडळाच्या स्टेजवरही तीन वर्षांमागे हे झाले, आणि तालीम आमच्यातल्याच एकाने घेतली होती.

तेव्हा मंडळाकडे मागणे असे. ते पानांचे नृत्य आता नको. देवगडच्या सहलीला एक बस द्या, तिथल्या बावड्या मुलांना पाहू द्या. आठशे विहिरी, नऊशे बावड्या म्हणतात, मुलांना मोजू द्या, हवे तर गोंडीत. वर्गात येणाऱ्या आजी-आजोबांच्या मजुरीसाठी वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा. आणि पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेतला एक दिवस एखाद्या गोंड ज्येष्ठाला द्या. विषय त्यांचा, वेळ त्यांची, आणि खुर्ची पहिल्या रांगेतली.

आमच्या हजेरीपटात अजून तीन आडनावे अशी आहेत की त्यांचा अर्थ लागलेला नाही. त्या घरचे कुणी तुमच्या ओळखीचे असेल, शेतावर येत असेल, तर विचारून सांगा. कामाच्या घाईत विचारू नका, त्यांना सवड असेल तेव्हा, आणि बसायला देऊन. ती नावे लिहिलेला कागद आम्ही बाहेर चपला काढतात तिथे दारावर लावला आहे. जाताना पाहून जा.