धर्माची गरज कोठून निर्माण होते?

(चंडीगड येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हा अभ्यासवर्ग ज्या शहरात भरला आहे, त्या शहराचा जन्मच प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, आणि शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी एक संपूर्ण नवे शहर वसविण्याचे ठरले. १९५१ पासून ल कार्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा हाती घेतला. भूतकाळाचे ओझे न वाहणारे, बुद्धीने आखलेले नगर, अशी पंडित नेहरूंची त्यामागील दृष्टी होती. या नगराला नाव मात्र मिळाले ते जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून! ते असो. अधिक बोलकी गोष्ट ही की, ज्या मजुरांनी येथे विटा आणि सिमेंट वाहिले, त्यांच्या निवाऱ्याला त्या आराखड्यात पुरेशी जागा नव्हती. त्यांच्या वस्त्या सेक्टरांच्या कडेला वाढल्या आणि पुढे अनधिकृत ठरल्या. त्यांपैकी ‘कॉलनी नंबर पाच’ २०१३ साली जमीनदोस्त करण्यात आली.

याच शहराला लागून असलेल्या पंचकुला येथे २५ ऑगस्ट २०१७ रोजी घडलेली घटना सर्वांना ठाऊक आहे. डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम याला विशेष सीबीआय न्यायालयाने दोन अनुयायी स्त्रियांवरील बलात्काराबद्दल दोषी ठरविले. निकालापूर्वी कित्येक दिवस हजारो अनुयायी तेथील रस्त्यांवर व बागांत मुक्काम ठोकून होते. निकाल येताच जाळपोळ झाली, गोळीबार झाला आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतून एकच शब्द ऐकू आला: अंधश्रद्धा.

हा शब्द खोटा नाही, पण अपुरा आहे. अज्ञान हेच जर धर्माच्या गरजेचे मूळ असते, तर शाळा वाढल्या तसे डेरे ओस पडावयास हवे होते. झाले ते उलटच. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे की, त्या बागेत उपाशीपोटी झोपलेल्या शेतमजूर स्त्रीला त्या डेऱ्यात असे काय मिळाले होते, जे तिला अन्यत्र कोठेही मिळत नव्हते?

२०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण ३१.९ टक्के, म्हणजे देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. जमीन मात्र त्यांच्या वाट्याला नावापुरतीच आली. शीख गुरूंनी जातिभेद नाकारला, एका पंगतीत जेवणारा लंगर रूढ केला, आणि तरीही कित्येक गावांत दलितांचा गुरुद्वारा वेगळा व स्मशानही वेगळे राहिले. अशा गावातला माणूस डेऱ्यात जातो, तेव्हा २००७ नंतरच्या प्रथेप्रमाणे जातिवाचक आडनाव टाकून ‘इन्सां’ म्हणवून घेतो. म्हणजे निव्वळ माणूस. नवरा दारू सोडतो, मुलीचे लग्न कमी खर्चात पार पडते, आजारपणात विचारपूस करणारे चार लोक भेटतात. या गोष्टी काल्पनिक नाहीत. स्वर्गाचे आश्वासन त्यानंतर येते आणि त्यांच्याच बळावर खरे वाटू लागते.

येथेच अंतर्विरोध आहे. गरज खरी असते, पण ती भागविणारा तिचाच सौदा करतो. डेऱ्याने २००७ मध्ये पंजाबात काँग्रेसला आणि २०१४ मध्ये हरियाणात भारतीय जनता पक्षाला पाठबळ दिले. शिक्षा झालेला हा गुरू पुढे वारंवार तुरुंगाबाहेर येत राहिला, यात नवल ते काय? शासनाने जे द्यावयाचे ते डेरा देतो आणि डेऱ्याने गोळा केलेली मते शासनकर्ते घेतात. यात तक्रारदार स्त्रियांच्या दुःखाला कोणाच्याच हिशेबात जागा राहत नाही.

आता सेक्टर १२ मधील पीजीआय रुग्णालयाकडे पाहावे. १९६२ साली स्थापन झालेली ही देशातील एक अग्रगण्य संस्था आहे. हिमाचल, हरियाणा, पंजाब, जम्मू-काश्मीर अशा दूरदूरच्या प्रदेशांतून रुग्ण येथे येतात. रुग्णाला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या बापाने रात्र कोठे काढावी, महिनाभर काय खावे, याचे उत्तर मिळणे कठीण असते. फाळणीत पेशावरहून आलेले आणि फळांच्या व्यापारात मोठे झालेले जगदीशलाल अहुजा यांनी या रुग्णालयाच्या बाहेर सुमारे दोन दशके लंगर चालविला आणि त्यासाठी स्वतःच्या मालमत्ता विकल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली व २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. शासनाने त्यांचा गौरव केला, हे योग्यच झाले. परंतु देशातील नामांकित रुग्णालयाच्या दारात माणसे एका फळविक्रेत्याच्या दयाबुद्धीवर जगत होती, या गोष्टीची लाज त्या गौरवात कोठे दिसली नाही. ज्या बापाला त्या दारात तीस दिवस लंगराचा घास मिळाला, त्याला देव नाही हे सिद्ध करून दाखविणारा कार्यकर्ता हास्यास्पद ठरेल, आणि ठरावाच.

मार्क्सने १८४४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या हेगेलवरील लेखात धर्माला अफूची उपमा दिली, तिचा भक्तांनी व विरोधकांनी सारखाच विपर्यास केला. त्या काळी युरोपात अफू हे घरोघरी वापरले जाणारे वेदनाशामक औषध होते. दुःख सोसणाऱ्या माणसाची व्यथा आणि त्या दुःखाविरुद्धची त्याची तक्रार, दोन्ही मार्क्सला धर्मात दिसत होत्या. औषध काढून घेण्याआधी दुखणे बरे करावे लागते, हा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे.

याच पंजाबच्या भगतसिंगाने १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना, स्वतःच्या नास्तिकतेवर निबंध लिहिला. श्रद्धेमुळे संकट हलके होते हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आणि तो आधार जाणीवपूर्वक नाकारला. पण भगतसिंगाच्या पाठीशी विचार होता, सोबती होते, आपल्या मरणाला अर्थ आहे ही खात्री होती. उसाच्या फडात मूल गमावलेल्या बीडच्या ऊसतोड बाईकडे यांपैकी काय असते? डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या धर्मांतरानंतर केलेल्या भाषणात गरिबालाच धर्माची अधिक गरज असते, कारण तो आशेवर जगतो, असे प्रतिपादन केले होते. महाराष्ट्रातील डाव्या चळवळीने या म्हणण्याकडे द्यावयास हवे तितके लक्ष दिले नाही. मजुरी वाढली की शोक संपतो असे नाही. मृत्यू आणि विरह समाजवादातही राहणारच. त्या वेळी शेजारी कोण बसते, हा प्रश्न युनियनच्या कचेरीलाही विचारला जाईल.

यावर तयार उत्तर नाही, पण एक अनुभव नमूद करण्याजोगा आहे. गावच्या पंचायतीच्या लागवडयोग्य जमिनीपैकी एक तृतीयांश जमीन खंडाने देताना अनुसूचित जातींसाठी राखून ठेवावी, असा पंजाबात कायदा आहे. प्रत्यक्षात मोठे जमीनदार दुसऱ्याच्या नावाने ती बळकावीत आले. २०१४ पासून संगरूर जिल्ह्यातील दलित शेतमजुरांनी संघटित होऊन ती जमीन मागितली, मार खाल्ला, आणि काही गावांत ती मिळवून सामुदायिक रीत्या कसली. जनावरांच्या वैरणीसाठी जमीनदाराच्या बांधावर अपमान गिळणाऱ्या बाया तेथे स्वतःच्या शेतातून वैरण आणू लागल्या. त्यांनी गुरू रविदासांना सोडलेले नाही. मे २०२५ मध्ये संगरूरजवळील जुन्या संस्थानी मालकीची ९२७ एकर जमीन मागण्यासाठी हे मजूर निघाले, पोलिसांनी शेकडो जणांना ताब्यात घेतले. जी जमीन घ्यावयास ते निघाले होते, तिला त्यांनी नाव दिले होते ‘बेगमपुरा’. पाचशे वर्षांपूर्वी रविदासांनी कल्पिलेले, दुःख आणि खंडणी नसलेले ते नगर.